सांडलेल्या कॉफीचा खटला

अमेरिकेतल्या एका म्हातारीने कॉफी स्वतःच्या हाताने सांडली आणि कंपनीकडून लाखो डॉलर उकळले, ही गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. आपल्याकडेही ती हसत हसत सांगतात. मला ती आज पुरी सांगायची आहे.

२७ फेब्रुवारी १९९२. न्यू मेक्सिकोतले आल्बुकर्की शहर. ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक गाडीत नातवाच्या शेजारी बसल्या होत्या. मॅक्डोनाल्ड्सची कॉफी घेतल्यावर नातवाने गाडी उभी केली. साखर घालायला त्यांनी कप गुडघ्यांत धरून झाकण काढले आणि कॉफी मांडीवर सांडली. कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअस इतकी गरम ठेवायची, असा कंपनीचा दंडकच होता. एवढ्या उष्णतेने काही सेकंदांत कातडी आतपर्यंत जळते. लीबेकबाई आठ दिवस रुग्णालयात होत्या, त्वचारोपण करावे लागले. त्यांनी कंपनीकडे मागितले सुमारे २०,००० डॉलर. कंपनीने देऊ केले ८००.

मग खटला उभा राहिला आणि कंपनीचीच कागदपत्रे बोलू लागली. दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी आल्या होत्या. कंपनीच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितले, की एवढ्या आकड्यासाठी पद्धत बदलण्याची गरज नाही. माझ्या मते कंपनी खटला हरली ती याच साक्षीने. ऑगस्ट १९९४ मध्ये ज्यूरीने २० टक्के दोष बाईंचा मानला, भरपाई २ लाखांवरून १ लाख ६० हजार डॉलर केली आणि वर २७ लाखांचा दंड ठोठावला. ही कंपनीची साधारण दोन दिवसांची कॉफीविक्री. न्यायाधीशांनी हा दंड ४ लाख ८० हजारांवर आणला; पुढे गुप्त तडजोड झाली.

लोकांपर्यंत काय पोचले? म्हातारी, कॉफी आणि लाखो डॉलर. बातमी फिरता फिरता आखूड होत गेली. जखमा गळाल्या, ७०० तक्रारी गळाल्या, कमी केलेला दंडही गळाला. दूरदर्शनवरच्या विनोदवीरांना तर आयता विषय मिळाला.

ही अर्धी गोष्ट ज्यांच्या सोयीची होती, ते आधीपासून तयारीत होते. भरपाईच्या दाव्यांना आवर घालण्यासाठी उद्योगांच्या पाठबळावरची एक संघटना १९८६ मध्येच स्थापन झाली होती. तंबाखू कंपन्यांचा पैसाही तिला मिळत होता. ‘खटल्यांचा सुळसुळाट’ हे तिचे पालुपद. त्या वातावरणात कायदे बदलले. २००३ मध्ये टेक्सासने वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांत डॉक्टरांकडून वेदना व अपंगत्वासाठी मिळणाऱ्या भरपाईला २ लाख ५० हजार डॉलरची मर्यादा घातली. अशा मर्यादेची झळ सर्वांत जास्त बसते ती मुले, गृहिणी आणि वृद्ध यांना. बुडालेला पगार दाखवता येत नाही, म्हणून त्यांच्या भरपाईत याच रकमेचा वाटा मोठा असतो.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क आहे. उद्या कुणी तो बजावला, तर त्याला लोभी म्हणण्याआधी निकालपत्र मागवा आणि वाचा, एवढी माझी विनंती आहे.