हरणाऱ्याचा आनंद



या व्यासपीठावर विद्वान मंडळी येऊन गेली आहेत. आमचे शाळेतील शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटाने आणि कारखान्याच्या फाटकाने केले. चालकांनी आम्हांस बोलाविले तेव्हा किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असा एखादा विषय त्यांच्या मनात असावा. आम्ही कळविले की, ‘स्पर्धेत खेळाडूला आनंद कशाने होतो’ यावर बोलू. त्यावर त्यांनी पुन्हा एकदा फोन करून खात्री करून घेतली. ते योग्यच झाले. कामगार कार्यकर्त्याने खेळावर का बोलावे, हे आधी सांगितले पाहिजे.

आमचे काम डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत, चिकूच्या वाड्या आहेत. तलासरीहून रोज पहाटे टेम्पो भरून माणसे उंबरगाव-वापीकडच्या कारखान्यांत जातात. २०२४ च्या पावसाळ्यात असाच एक तरुण कामगार आमच्याकडे उसने पैसे मागावयास आला. फोनवरच्या रमीत त्याचे तीन महिन्यांचे पगार गेले होते. आम्ही रागावलो नाही. एवढेच विचारले, “अरे, निदान खेळताना मजा तरी आली का?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मजा कसली, काका? उठताच येत नव्हतं.”

हे उत्तर आमच्या डोक्यातून गेले नाही. माणूस खेळतो तो आनंदासाठी. मग ज्या खेळात आनंद नाही आणि उठताही येत नाही, त्यास खेळ का म्हणावे? आणि खऱ्या खेळात, समोरासमोर बसून होणाऱ्या स्पर्धेत, आनंद येतो तो कोठून?

पुष्कळांचे उत्तर असते, बक्षिसातून. आम्ही साधा हिशेब मांडतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत बत्तीस संघ उतरले, तर विजेता ठरेपर्यंत एकतीस सामने होतात आणि एकतीस संघ हरतात. त्यांतले सोळा तर पहिल्याच सामन्यात घरी जातात. आनंद जर बक्षिसातच असेल, तर तो बत्तिसांत एकाला मिळाला. मग बाकीचे एकतीस पुढच्या वर्षी पुन्हा का येतात? म्हणून आम्ही असे म्हणतो की, स्पर्धा चांगली झाली की नाही हे विजेत्याला विचारू नये. पहिल्या फेरीत हरलेल्याला विचारावे.

हे शहाणपण आम्हांस पुस्तकातून मिळालेले नाही. आमच्याच चुकीतून मिळाले आहे. काही वर्षांपूर्वी भातकापणी आटोपल्यावर आम्ही कामगारांची कबड्डी स्पर्धा भरविली. उत्साह दांडगा. बत्तीस संघ, मैदान एक, दिवस एक. आता हिशेब पाहा. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, म्हणजे सामना चाळीस मिनिटांचा. एकतीस सामन्यांचे झाले वीस तास चाळीस मिनिटे, मधली विश्रांती निराळीच. आठ तासांच्या पाळीसाठी जन्मभर भांडणारे आम्ही, त्या दिवशी वीस तासांची पाळी लावून बसलो होतो! त्यात उद्घाटक पाहुणे नऊऐवजी एक वाजता आले. मग वेळ पुरेना, म्हणून मध्येच सामने अर्ध्या वेळेचे केले. म्हणजे सकाळच्या संघांना एक नियम आणि संध्याकाळच्यांना दुसरा.

तलासरीकडच्या एका पाड्याचा संघ सकाळी आठला हजर होता. त्याचा सामना रात्री आठला लागला. वीस मिनिटे खेळून तो हरला. संघनायक आमच्याजवळ आला आणि म्हणाला, “कॉम्रेड, हरलो त्याचं काही नाही. पण आमचा नंबर कधी लागणार ते सकाळी सांगितलं असतं, तर पोरं दोन घास खाऊन तरी मैदानात उतरली असती.” त्या रात्री आमचे भाषण व्हावयाचे होते. ते आम्ही केले नाही.

श्रोते हो, त्या संघनायकाच्या तक्रारीत स्पर्धेचे अर्धे शास्त्र आले आहे. खेळाडूला आपली वेळ आधी कळली पाहिजे. आरंभीचे नियम शेवटपर्यंत तेच राहिले पाहिजेत. दिवसभराची वाट पाहून वीस मिनिटांत बाहेर, असे होता कामा नये. आणि पाहुण्यांसाठी खेळाडू नाहीत, खेळाडूंसाठी पाहुणे आहेत.

उरलेले अर्धे शास्त्र आम्हांस पत्त्यांनी शिकविले. आमच्या भागात पावसाळ्यात मैदाने चिखलाची होतात. तेव्हा कचेरीत आम्ही रमीची स्पर्धा ठेवू लागलो. प्रवेश फुकट. प्रत्येकाला शंभर चिंचोके मोजून द्यावयाचे. हरला की चिंचोके द्यावयाचे, सगळे संपले की उठावयाचे. पहिले बक्षीस एक छत्री. तुम्ही हसता, पण त्या छत्रीसाठी माणसे ज्या तन्मयतेने बसत, ती आम्ही युनियनच्या सभेत क्वचितच पाहिली आहे!

पुढे वाचताना कळले की, आमची चिंचोक्यांची रीत जगभर मोठ्या थाटाने चालते. पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ आहे. त्याच्या सर्वांत चालू प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकलेली मिळतात, पाच पाने मध्ये सर्वांसाठी उघडी मांडतात, आणि आपला हात किती भारी यावर बोली लावावयाची. आपल्याकडे पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनो-बोटींवर तो खेळतात. आम्ही तेथे गेलो नाही, जाण्याची इच्छाही नाही. पण त्याच्या स्पर्धेची घडण अभ्यासण्यासारखी आहे. १९७० मध्ये अमेरिकेतील लास व्हेगासला पोकरची जागतिक मालिका सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी विजेता पत्त्यांवर ठरलाच नाही. जमलेल्या खेळाडूंनी मते देऊन जॉनी मॉस यांना श्रेष्ठ ठरविले. १९७१ पासून रीत बदलली. सर्वांनी सारखी रक्कम भरावयाची, सारख्या चकत्या घ्यावयाच्या, त्या संपल्या की उठावयाचे. शेवटी उरेल तो विजेता.

या रीतीतली खुबी अशी की, स्पर्धेतल्या चकत्यांचे पैसे होत नाहीत. त्या आमच्या चिंचोक्यांसारख्याच. खेळाडू फार तर प्रवेशाची रक्कम गमावतो, त्याहून अधिक नाही. किती हरणार हे त्याला दारातच ठाऊक असते, म्हणून तो निर्धास्तपणे डोके लढवू शकतो. शंभरांत दहा-पंधरांच्याच हाती बक्षीस पडते. बाकीचे रिकाम्या हाताने उठतात, तरी पुन्हा येतात.

दुसरी गोष्ट वेळेची. या स्पर्धेत दर डावाला दोन खेळाडूंना पाने पाहण्याआधीच सक्तीची बोली लावावी लागते, आणि ती घड्याळाप्रमाणे वाढत जाते. फार भरभर वाढविली तर विचाराला अवसर राहत नाही, सारे नशिबावर जाते. बेताने वाढविली तर कसबी खेळाडूला कसब दाखविता येते. कारखान्यात यंत्राचा वेग वाढविला की कामगाराचे कौशल्य संपून नुसती धावपळ उरते, त्यातलाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट समतेची. कोणी कोठे बसावे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. शेवटी बोलण्याची जी फायद्याची जागा, ती दर डावाला एकेक माणूस पुढे सरकते, म्हणजे सर्वांच्या वाट्याला येते. पाने वाटणारा स्वतः खेळत नाही. बक्षिसाच्या यादीत येण्यास एकच माणूस बाद व्हावयाचा उरला, की सगळ्या टेबलांवर डाव एकाच वेळी वाटतात, म्हणजे कोणाला मुद्दाम रेंगाळून फायदा उपटता येऊ नये. अहो, इतकी काटेकोर हजेरी आम्ही कोणत्याही कारखान्यात पाहिली नाही!

याचा अर्थ आम्ही पोकरची वकिली करतो असा कोणी घेऊ नये. पैसे लावलेल्या पत्त्यांविषयी न्यायालयांचेही एकमत नाही. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला. पोकरला मात्र कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एक न्याय लावला, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दुसरा. गुजरातने त्यास जुगारच म्हटले. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते १९६८ च्या निकालातले एक कलम. खेळ कौशल्याचा असला तरी जागेचा मालक डावांवर नफा कमावीत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, असे न्यायालयाने सांगून ठेवले होते. कामगार चळवळीतला माणूस नेमका हाच प्रश्न विचारतो, की नफा कोणाचा आणि कशावर? छत्रीच्या स्पर्धेत तुम्ही उठून घरी गेलात तर आमचे काही बिघडत नाही. पण दर डावामागे ज्याला पैसे सुटतात, त्याला तुम्ही उठावे असे कधीच वाटणार नाही. त्या तरुणाला उठता येत नव्हते, ते केवळ त्याचे मन दुबळे म्हणून नव्हे. त्याने उठू नये अशीच त्या खेळाची घडण होती.

कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो, हे आपण सारे जाणतो. तो जिवंत होतो सोबत्याच्या पराक्रमाने. सोबत्याने पलीकडचा एक मारला की आपला एक आत येतो. पोकरच्या काही स्पर्धांतही बाद झालेल्यास परत येता येते, पण पुन्हा पैसे भरून. पहिल्या प्रकाराने संघ बांधला जातो, दुसऱ्याने खिसा फाटतो. फोनवर तर हे पुन्हा भरणे बोटाच्या एका टोकावर येऊन बसले. समोर माणूस नाही, ‘आता पुरे कर’ म्हणणारा शेजारी नाही, दिवे मालवून कचेरी बंद करणारा शिपाई नाही.

ज्या खेळात हरण्याला तळ नाही, त्याची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदात जुगाऱ्याच्या विलापाचे एक सूक्तच आहे. महाभारतातल्या द्यूतसभेत पण लावणारा दुर्योधन आणि फासे टाकणारा शकुनी. एकाने दुसऱ्यासाठी खेळणे युक्त नव्हे, ही शंका खुद्द धर्मराजानेच काढली होती. तरी तो खेळावयास बसला. सभेत भीष्म होते, द्रोण होते, पण पंच कोणी नव्हता. म्हणून राज्य गेले, भाऊ गेले, स्वतः गेला, आणि शेवटी द्रौपदीपर्यंत पाळी आली.

आणि फार दूर कशाला जावे? आमच्या डहाणू-तलासरीच्या मातीला तळ नसलेले हरणे चांगले ठाऊक आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलावयाचे आणि त्यांपायी नवरा-बायकोने जन्मभर राबावयाचे, यास येथे लग्नगडी म्हणत. कर्ज किती, फिटले किती, हे सावकारालाच ठाऊक. १९४५ च्या मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली स्त्री-पुरुष हजारोंनी जमले आणि वेठ व लग्नगडीची चाल यापुढे नाही, असे त्यांनी ठरविले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या सोबत होते. त्या लढ्यात माणसे गोळीला बळी पडली, तेव्हा कोठे हरण्याला तळ लागला. त्याच पाड्यांतल्या नातवंडांनी आता फोनपायी पुन्हा तशाच कर्जात जावे, हे आम्हांस पाहवत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली. कायदा हवाच होता. पण कायद्याने दार बंद होते, संध्याकाळ भरून निघत नाही. आठ तास राबून आलेल्या तरुणाला चार माणसांत बसून डोके लढवावे, जिंकावे, हरावे असे वाटणारच. ती भूक वाईट नाही. ती भागविण्याची जागा आपण द्यावयाची आहे.

आमच्या कबड्डी स्पर्धेचे पुढे काय झाले, ते सांगून पुरे करतो. दुसऱ्या वर्षी आम्ही सोळाच संघ घेतले. दोन दिवस, दोन मैदाने. कोणाचा सामना किती वाजता, हे आठ दिवस आधी प्रत्येक पाड्यावर लिहून पाठविले. पहिल्या फेरीत हरलेल्यांचा आणखी एक सामना ठेवला, म्हणजे कोणीही एकदाच खेळून परत जाऊ नये. जेवण बाराला, पाहुणे आलेले असोत वा नसोत. तलासरीकडचा तो संघ याही वर्षी आला आणि दोन्ही सामने हरला. पण तो अंतिम सामना संपेपर्यंत थांबला. टेम्पोत चढता चढता त्या संघनायकाने आम्हांस एकच गोष्ट विचारली, “कॉम्रेड, पुढच्या वर्षीची तारीख कोणती?”

आपल्या गल्लीत, आपल्या कारखान्यात, आपल्या वाचनालयात जे कोणी स्पर्धा भरवीत असतील, त्यांनी हरलेल्याच्या तोंडून हा प्रश्न येतो की नाही तेवढे पाहावे.