दगडावरची नावं

(पारनेर इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



इथनं सुप्याला गेलं की नगर-पुणे रस्ता लागतो. मग शिरूर, शिक्रापूर आणि कोरेगाव भीमा. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरहूनच निघाली. दुसऱ्या दिवशी पेशव्याच्या फौजेशी गाठ पडली.

दर १ जानेवारीला आपण तिथं जातो. जयभीम घालतो, फोटो काढतो, मागून रेटा आला की पुढं सरकतो. मी म्हणतो, थांबा आणि वाचा. कंपनीच्या मेलेल्या ४९ शिपायांची नावं आहेत, त्यातली २२ 'नाक'वाली. सोमनाक, रामनाक, गणनाक. ज्याला गावकुसाबाहेर ठेवला त्याचं नाव बापाच्या नावासकट दगडात! बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले ते उगाच नाही.

पण यात गोऱ्याचे उपकार कसले? हजेरीपटावर नाव होतं म्हणून दगडावर आलं. त्याच गोऱ्यानं पुढं १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. आम्ही म्हणे लढाऊ जात नाही! गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडून टाकली. काम संपलं, जा घरी. ही भाषा गोदीत आम्ही रोज ऐकतो.

गोदीचंच सांगतो. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा जन्मदिवस, आणि तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. व्हिक्टोरिया डॉकात 'फोर्ट स्टिकीन' फुटली. एकाच बोटीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा, दुसरं काय होणार? आगीच्या बंबाचे ६६ जवान गेले. त्यांचं स्मारक आहे, दर वर्षी सलामी होते. व्हायलाच पाहिजे. पण गाठी उचलणारा? मेलेल्यांचा आकडासुद्धा एक नाही. कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. तोही लढाईचाच माल उतरवत होता. फक्त त्याला पलटण नव्हती. मुकादमाच्या वहीतली हजेरी कोण दगडावर कोरतो?

या तालुक्यातनं मुंबईला पोट भरायला गेलेले थोडे नाहीत. तेव्हा घरात आजा-पणजाचा पेन्शनचा कागद, बिल्ला, गोदीचा पास, काहीही असेल तर ट्रंकेतनं बाहेर काढा. नाव, बापाचं नाव, गाव, पलटण नाहीतर धक्का. मी वही आणलीय. म्हाताऱ्या बायांना आधी विचारा, त्यांना जास्त आठवतं.