सरहद्द कोणासाठी उरते?

(मुळशी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मुळशीच्या डोंगरात सरहद्दीचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. 1921 साली सुरू झालेल्या इथल्या धरणविरोधी सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे सेनापती बापट 18 मे 1955 रोजी ना. ग. गोरे यांच्यासमवेत पोर्तुगीज सरहद्द ओलांडून गोव्यात शिरले, हेच त्याचे उत्तर. शेतकऱ्याला जमिनीपासून आणि माणसाला शेजाऱ्यापासून तोडणारी सत्ता एकाच जातीची असते, असे मी मानतो.

ती सरहद्द खरोखर काय होती? अलीकडे बांदा, पलीकडे पेडणे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पेडणेही सावंतवाडीकर भोसल्यांच्याच अमलाखाली होते. दोन्हीकडे घरात कोकणी-मालवणी, कीर्तनात मराठी आणि जत्रेत दशावतार. सावंतवाडीकडच्या कित्येक घरांची कुलदैवते फोंड्यात. पोर्तुगीजांना ही संस्कृती तोडता आली नाही. मात्र व्यवहार तुटला. 15 ऑगस्ट 1955 रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने आर्थिक निर्बंध कडक केले, रेल्वे थांबली. सरहद्दीमुळे वस्तूंच्या किमतींत अंतर पडते. त्या अंतरावर चोरटा व्यापारी श्रीमंत होतो; सासर-माहेर दोन राज्यांत असलेल्या बाईच्या वाट्याला नुसती ताटातूट येते. सीमेवरच्या गावाचे वातावरण म्हणतात ते हेच.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. पुढे 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात 1,38,170 मते महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने, तर 1,72,191 मते गोवा वेगळा ठेवण्याच्या बाजूने पडली. आपल्यापैकी अनेकांना तो निर्णय बोचला. पण संस्कृती एक असली म्हणजे राज्यही एकच हवे, असा नियम लोकशाहीत नाही. एकत्र यायचे की नाही, हे तिथल्या लोकांनीच ठरवायचे असते.

मग प्रश्न संपला काय? नाही. नाके गेले, तरी सरहद्द दवाखान्याच्या दारात उभी राहिली. सिंधुदुर्गातला गरीब रुग्ण वर्षानुवर्षे बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जात आला, कारण आपल्या बाजूला तशी सोय नव्हती. 2018 साली गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गचे लोक आंदोलनाला उतरले. गोव्याच्या करदात्याची तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही. खरा दोष आहे तो आपल्या किनारपट्टीकडे पाठ फिरवून बसलेल्या मुंबईच्या राज्यकर्त्यांचा. पैसेवाल्याला त्या दिवशीही सरहद्द आडवी आली नाही.

म्हणून सीमाभागात अस्मितेची भाषणे ऐकाल, तेव्हा तिथल्या माणसाला दोन गोष्टी विचारा : आजारी पडलास तर कुठे जातोस, आणि पोराला काम कुठे मिळते? त्याची उत्तरे पलीकडच्या गावाचे नाव घेत असतील, तर अलीकडच्या सरकारला जाब विचारणे हे आपले काम आहे.