संधिप्रकाशातील प्रवासी
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोजागरीची संध्याकाळ. चंद्र नुकताच वर आलेला, गच्चीवर सतरंज्या अंथरल्या जात आहेत, मोठी माणसे दुधाच्या तयारीत. अशा वेळी एखादे मूल वर बोट दाखवून ओरडते, ‘तो बघा, तारा चालतोय!’ बहुतेक घरांत यावरचे उत्तर ठरलेले असते, ‘अरे, विमान असेल.’ मूल गप्प बसते आणि विषय संपतो.

पुष्कळदा ते विमान नसते. विमानाचे दिवे उघडझाप करतात आणि कान दिला तर मागाहून घरघरही ऐकू येते. उल्का असती तर डोळ्याचे पाते लवण्याआत विझली असती. जो बिंदू आवाज न करता, दिव्यांची उघडझाप न करता, एकाच संथ गतीने चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो आणि कधी कधी अर्ध्या वाटेवरच विरून जातो, तो कृत्रिम उपग्रह. त्याला पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही, वर्गणी लागत नाही. एक गच्ची आणि थोडा धीर एवढे पुरते.

या दर्शनाचा आरंभ ४ ऑक्टोबर १९५७ रोजी झाला. त्या दिवशी सोव्हिएत संघाने स्पुटनिक-१ सोडला आणि जगभर माणसे पहाटे आणि संध्याकाळी अंगणात उभी राहू लागली. गंमत अशी की त्यांतील बहुतेकांनी स्पुटनिक पाहिलाच नाही! तो अवघा ५८ सेंटिमीटर व्यासाचा, सुमारे ८४ किलोचा गोळा होता. उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा. लोकांना दिसला तो त्याला कक्षेत नेऊन सोडणाऱ्या अग्निबाणाचा रिकामा मधला टप्पा. तो उपग्रहाबरोबरच पृथ्वीभोवती फिरत होता आणि ठळक ताऱ्याइतका चमकत होता.

अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी त्यापूर्वीच ‘मूनवॉच’ नावाची योजना उभी केली होती. शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, दुकानदार अशी साधी माणसे रांगेने बसत, प्रत्येकाच्या पुढे एक छोटी दुर्बीण आणि प्रत्येकाच्या वाट्याला याम्योत्तर वृत्ताचा एकेक तुकडा. उपग्रह ज्याच्या तुकड्यातून जाईल त्याने तत्क्षणी वेळ नोंदवायची. १९६२ च्या सप्टेंबरात स्पुटनिक-४ वातावरणात शिरून जळाला, तेव्हा मिलवॉकी येथील अशाच एका गटाने तो जळताना पाहिला. त्याचा सुमारे नऊ किलोचा तुकडा मॅनिटोवॉक गावच्या भर रस्त्यात सापडला. भारतातही नैनितालच्या वेधशाळेत उपग्रहांची छायाचित्रे घेणारा बेकर-नन कॅमेरा बसवण्यात आला होता. जगभरातील अशा बारा केंद्रांपैकी ते एक. इंग्लंडमध्ये डेस्मंड किंग-हील यांनी हौशी निरीक्षकांच्या नोंदींचाही आधार घेऊन उपग्रहांच्या कक्षा किती आकसत जातात हे मोजले आणि त्यावरून काढली ती शेकडो किलोमीटर उंचीवरील हवेची घनता. दोन ताऱ्यांच्या मधून एक ठिपका नेमका कधी गेला, एवढीच ती नोंद असे.

या शाळेच्या पहिल्या तुकड्या पाटीवर मुळाक्षरे गिरवत होत्या तेव्हा वर आकाशात ‘एको’ नावाचे दोन प्रचंड फुगे फिरत होते. पहिला १९६० मध्ये सोडलेला, सुमारे तीस मीटर व्यासाचा. दुसरा १९६४ मधला, त्याहून मोठा. वरचा चकचकीत पापुद्रा सूर्यप्रकाश परतवी, त्यामुळे ते सहज दिसत. पहिला १९६८ मध्ये आणि दुसरा १९६९ मध्ये जळून गेला. आज सत्तरीकडे झुकलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी लहानपणी ‘चालता तारा’ पाहिल्याचे सांगत असेल, तर नातवंडांनी ते हसण्यावारी नेऊ नये.

उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो, मग तो रात्री दिसतो कसा? गच्चीवर अंधार पडलेला असतो. परंतु चारशे किलोमीटर उंचीवर सूर्य अद्याप मावळलेला नसतो. डोंगराच्या पायथ्याशी सांज झाली तरी शिखरावर ऊन रेंगाळते, तसेच हे. पृथ्वीची सावली पूर्वेकडून हळूहळू वर चढत जाते. भारताच्या अक्षांशांवर सूर्यास्तानंतर सुमारे दीड तासाने ती डोक्यावरच्या चारशे किलोमीटर उंचीपर्यंत पोचते. तोपर्यंतच या प्रवाशांचे दर्शन. पुढे पहाटे, सूर्योदयापूर्वीच्या तेवढ्याच काळात. म्हणूनच कोजागरीच्या मध्यरात्री दुधाचे पेले हाती येतात तेव्हा हे खालून जाणारे प्रवासी दिसेनासे झालेले असतात.

सर्वांत ठळक प्रवासी म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. त्याची रुंदी सुमारे १०९ मीटर, वजन चारशे टनांहून अधिक. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने ते साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालते. पूर्ण चंद्राच्या प्रकाशात आणि शहराच्या दिव्यांतही ते शुक्राच्या तोडीचे झळकते. संध्याकाळी ते पश्चिमेकडून चढते, पूर्वेकडे सरकते आणि क्षितिज बरेच दूर असतानाच किंचित तांबूस होऊन विझते. तेथे ढग नसतो, झाड नसते. ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेले असते. चंद्रग्रहणाची वाट न पाहता, पृथ्वीची सावली कोठून सुरू होते हे मुलाला बोटाने दाखवता येते. पहाटे याच्या उलट घडते, मोकळ्या आकाशात एकाएकी दिवा लागतो.

त्या बिंदूत माणसे असतात. नोव्हेंबर २००० पासून ते स्थानक एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. सुनीता विल्यम्स यांनी तेथे दीर्घकाळ मुक्काम केला; २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला तेथे होते. त्याआधी १९८४ मध्ये राकेश शर्मा ‘सल्यूत-७’ या सोव्हिएत स्थानकावर राहून आले होते.

दिशेकडे लक्ष दिले की आणखी काही उलगडते. पुष्कळ उपग्रह पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, कारण पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा वेग अग्निबाणाला फुकट मिळतो. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला मोकळा समुद्र आहे, याचे महत्त्व येथे कळते. उत्तर-दक्षिण जाणारे बहुधा पृथ्वीची छायाचित्रे घेणारे असतात. पूर्वेकडून पश्चिमेकडे नेमका उलटा जाणारा क्वचितच दिसतो; इस्रायल आपले काही उपग्रह पश्चिमेला भूमध्य समुद्रावरून सोडतो, त्यांपैकी एखादा. ठरावीक अंतराने मंद-तेजस्वी होणारा ठिपका हा बहुधा कोलांट्या खात फिरणारा अग्निबाणाचा रिकामा टप्पा असतो. आणि घराच्या छपरावरची दूरदर्शनची तबकडी ज्या उपग्रहाकडे टक लावून असते, तो ३६,००० किलोमीटर दूर असल्यामुळे उघड्या डोळ्यांना दिसतच नाही.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला ‘खस्वस्तिक’ आणि ‘याम्योत्तर वृत्त’ हे शब्द पुस्तकाबाहेर भेटत नाहीत. बाजाराची भाषा निराळी, रस्त्यावरची निराळी. परीक्षा झाली की शब्द वहीत मिटतात. पण ‘आज बरोबर खस्वस्तिकातून गेला’ असे एखादे मूल मान पूर्ण मागे टाकून म्हणते, तेव्हा तो शब्द त्याच्या मालकीचा होतो. मातृभाषेतून विज्ञान शिकवावे की नाही यावरच्या चर्चा सभागृहांत होतात. त्यांतील काही गच्चीवर झाल्या असत्या तर लवकर आटोपल्या असत्या.

मात्र हे आकाश जसेच्या तसे राहिलेले नाही. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकदम सोडले गेले आणि मण्यांच्या माळेसारखी त्यांची रांग पाहून लोक चकित झाले. आज कार्यरत उपग्रहांची संख्या दहा हजारांच्या वर गेली आहे. दुर्गम गावांना त्यांमुळे इंटरनेट मिळते, हे खरे. पण मोठ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांवर त्यांचे ओरखडे उमटतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञ चिंतेत आहेत, हेही तितकेच खरे. खालून दिव्यांचा झगमगाट आणि वरून ही गर्दी. लडाखमधील हान्ले येथे काळोख राखण्यासाठी क्षेत्र आखले गेले आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पालाही २०२४ मध्ये तशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. काळोख राखून ठेवावा लागतो, ही गोष्ट आजी-आजोबांना सांगितली असती तर त्यांना खरी वाटली नसती.

पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ सेवेवर आपल्या शहरासाठी स्थानकाच्या वेळा, दिशा आणि उंचीचे अंश मिळतात. हात पूर्ण लांबवून धरलेली मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत मोजावे. ४० अंशांहून उंच जाणारी फेरी निवडावी. दहा मिनिटे आधी वर जावे आणि मोबाइल खिशात ठेवावा, कारण त्याच्या उजेडाने डोळे पुन्हा अंधाराला पारखे होतात. पावसाळ्यात निराशाच पदरी येईल. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मुलाच्या वहीत चार रकाने आखून द्यावेत : तारीख, दिसल्याची वेळ, दिशा आणि कोणत्या ताऱ्याजवळ विझला. सांगितलेल्या वेळेशी घड्याळ ताडून पाहण्याचे काम मुलाकडेच असावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आता परदेशी आहेत. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते, म्हणून ते भारतावरून जाते तसेच लंडनच्या माथ्यावरूनही जाते. योग जुळला तर येथे संध्याकाळी आजीने गच्चीवरून पाहिलेले स्थानक तीनेक फेऱ्या पूर्ण करून लंडनच्या संध्याकाळी नातवाला दिसू शकते. तेव्हा दोघांनी आपापल्या वहीतल्या नोंदी दूरध्वनीवरून एकमेकांना वाचून दाखवाव्यात. आजीने आधी, कारण तिची फेरी आधीची.