पाण्यातील क्षारांची वार्ता सांगणारा बाक
(भाषणाचा मजकूर)



थंड प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. खारे पाणी सहजासहजी गोठत नाही. त्यामुळे वाहने घसरत नाहीत. मात्र बर्फ वितळताच ते मीठ नद्यांत व विहिरींत उतरते. छत्रपती संभाजीनगरात बर्फ पडत नाही. तथापि क्षारांचा प्रश्न येथेही आहे. सांडपाणी, कारखान्यांतील पाणी आणि अतिसिंचन ही त्याची प्रमुख द्वारे होत.

खाम नदी शहरातून वाहत पुढे गोदावरीस मिळते; आणि पैठणच्या नाथसागरातील गोदावरीचे पाणीच शहर पिते. अलीकडच्या वर्षांत लोकसहभागातून खामच्या पुनरुज्जीवनाचे काम झाले आहे. काठावरचा कचरा दिसतो म्हणून तो उचलला जातो. विरघळलेले क्षार दिसत नाहीत. नेहमीच्या सांडपाणी शुद्धीकरणात सेंद्रिय घाण कमी होते, पण क्लोराइड बहुतांशी तसेच राहते. पाणी उकळल्यानेही क्षार जात नाहीत.

जे दिसत नाही ते दाखवावयाचे कसे? नदीकाठी काळ्या पाषाणाचे बाक बसवून त्यांखाली सौरशक्तीवरील दिवे लावता येतील. पाण्यात क्षार जितके अधिक तितका विद्युतप्रवाह सुलभ वाहतो. या तत्त्वावरील मापक नदीत ठेवून दिव्याचा रंग त्यास जोडता येईल. क्षार कमी असता निळा, वाढले की तांबडा. रंग न ओळखणाऱ्यांसाठी शेजारी आकडाही असावा. प्रकाश खाली वळलेला व मंद असावा, म्हणजे पक्षी-कीटकांस त्रास होणार नाही.

एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. हा मापक रोगजंतू ओळखत नाही. निळा दिवा म्हणजे पाणी पिण्यायोग्य, असा समज झाल्यास घात होईल. म्हणून तशी स्पष्ट सूचना बाकावर कोरावी. मापकाची नियमित सफाई व तपासणी न झाल्यास दिवा खोटे बोलू लागेल. ही जबाबदारी कोणाची, हे बाक बसविण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

खेड्यांत एवढा खर्च नको. शाळेने हातातील साध्या मापकाने दरमहा विहिरीचे पाणी मोजावे व ग्रामपंचायतीने आकडा फलकावर लिहावा. आकडा सतत वाढू लागल्यास नमुना प्रयोगशाळेत धाडावा. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक सांगते. मलिक अंबरच्या नहरीने या नगरीस पाणी पुरविले. ते निर्मळ राखणे हे आजच्या पिढीचे कर्तव्य होय.