जलसा आणि जमाव

पुण्याहून नगर रस्त्याने निघून कोरेगाव भीमा गाठले आणि तेथून आत वळले, की थोड्याच वेळात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव लागते. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी या गावी आहे, व कवी कलशाचीही. फाल्गुनी अमावास्येला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी, महाराजांच्या पुण्यतिथीस येथे मोठा समाज लोटतो. डफावर थाप पडते, तुणतुणे बोलू लागते, आणि शाहिराने सोडलेला शेवटचा शब्द झीलकरी वरच्यावर झेलतात. तिकीट नाही, आसन नाही, पहिली रांग आणि शेवटची रांग असा भेद नाही. जो आधी आला तो पुढे बसला, इतकाच तेथील नियम. उन्हातान्हात उभे राहून पोवाडा ऐकणाऱ्या माणसास, ‘तू येथे कशासाठी आलास?’ असे कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर विचारणाऱ्यासही ठाऊक असते.

आता याच गावातील एखाद्या तरुणाने मनात आणले, की परदेशी गवयाचा जलसा प्रत्यक्ष पाहावयाचा, तर मात्र घरातील वडीलधारी मंडळी त्यास हाच प्रश्न पहिल्याप्रथम विचारतील. इतके पैसे मोडून, इतक्या दूर, असे काय ऐकावयाचे आहे? गाणे तर हातातील यंत्रावर फुकट वाजते! हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि तरुणास वेड्यात काढून मोकळे होण्यासारखाही नाही.

‘जलसा’ हा शब्द मराठीत चांगला मुरलेला आहे. दिवाणखान्यातील गाण्याचा तो जलसा, आणि गावोगाव हिंडून समाजास जागे करणारा सत्यशोधकांचा तोही जलसाच. मूळ अर्थ बैठक. गंमत अशी, की आजच्या अवाढव्य जलशात मैदानावरचा श्रोता बसत नाहीच. तो अखेरपर्यंत उभा असतो, आणि बहुधा नाचतही असतो.

अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर ‘कोल्डप्ले’ या इंग्रज वाद्यवृंदाचे घ्यावे. नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणात जानेवारी 2025 मध्ये 18, 19 आणि 21 या तारखांना त्यांचे जलसे झाले. तिकिटे 22 सप्टेंबर 2024 रोजी विक्रीस निघाली. खिडकीपुढची रांग आता रस्त्यावर दिसत नाही. ती पडद्यावर आकड्याच्या रूपाने दिसते, आणि त्या दिवशी आपल्यापुढे लाखांच्या घरात माणसे उभी आहेत हे अनेकांनी त्या पडद्यावर पाहिले. थोड्याच वेळात तिकिटे संपली. आणि लगोलग तीच तिकिटे मूळ दराच्या कितीतरी पटीने अन्यत्र विकावयास आली. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, उच्च न्यायालयापर्यंतही गेले. तेथे ही याचिका फेटाळली गेली. असे नियम करणे हे कायदेमंडळाचे व शासनाचे काम, असा त्याचा मथितार्थ होता. नाटकगृहाच्या दाराशी तिकिटांचा काळाबाजार करणारा इसम आपल्या वडिलांच्या पिढीनेही पाहिला होता. फरक इतकाच, की त्याचा चेहरा दिसे आणि त्याच्याशी घासाघीस करता येई.

तिकीट मिळाले असे धरून चालू. वढूहून नेरूळ सुमारे दीडशे किलोमीटर. पुणे ओलांडावयाचे, घाट उतरावयाचा, दुपारीच मैदानाच्या दारी उभे राहावयाचे, झडती द्यावयाची, आणि रात्री जलसा संपल्यावर हजारोंच्या लोंढ्यातून पुन्हा वाट काढीत पहाटे घर गाठावयाचे. पंढरीची वारी करणाऱ्या घराण्यातील मुलास या हालांचे फारसे काही वाटू नये.

मैदानात शिरल्यावर एक लहानशी नैसर्गिक अडचण उभी राहते, तिचा विचार पुष्कळांनी केलेला नसतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर चालतो. रंगपीठापासून 170 मीटरवर उभ्या असलेल्या माणसास गवयाचा शब्द अर्ध्या सेकंदाने उशिरा पोहोचतो. प्रकाश मात्र तत्क्षणी येतो. म्हणजे ओठ आधी हलावयाचे आणि शब्द मागाहून यावयाचा! म्हणून मैदानात जागोजागी ध्वनिक्षेपकांचे मनोरे उभारतात, आणि रंगपीठावरून हवेतून येणारा आवाज व मनोऱ्यातून निघणारा आवाज एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मनोऱ्याचा आवाज जाणूनबुजून किंचित थांबवून सोडतात. एवढी योजना केली, तरी दूरच्या श्रोत्यास गवई दिसतो तो बोटाच्या पेराएवढा. त्याचा चेहरा पाहावयाचा तर प्रचंड पडद्याकडेच पाहावे लागते. मग घरच्या पडद्यापेक्षा येथे अधिक काय मिळाले?

त्याचे उत्तर ‘कोल्डप्ले’च्या जलशात श्रोत्याच्या मनगटावर असते. प्रत्येकास दाराशी एक पट्टी देतात. दुरून पाठविलेल्या इशाऱ्यानिशी त्या हजारो पट्ट्या एकाच क्षणी पेटतात, रंग बदलतात, विझतात. आणि जलसा संपला की त्या परत मागून घेतात. श्रोता हा अशा रीतीने स्वतःच रोषणाईतील एक दिवा होतो. कलेच्या दृष्टीने हा प्रकार थोडा पोरकट वाटेल, परंतु त्यातील मर्म खोटे नाही. आपण एकटे नाही, हे गाणे आवडणारी इतकी माणसे याच हवेत श्वास घेत आहेत, या जाणिवेची किंमत लोक देतात. वढूच्या पुण्यतिथीस जमणारा समाजही काही अंशी याच जाणिवेसाठी जमतो. तेथे ती फुकट मिळते, एवढेच.

याच वृंदाचा अहमदाबादचा 26 जानेवारीचा जलसा घरबसल्या पाहण्याची सोय होती, आणि ज्यांनी तो दिवाणखान्यात चहा घेत पाहिला त्यांना गवई अधिक स्पष्ट दिसला यात संशय नाही. तरी दुसऱ्या दिवशी सांगण्यासारखे काही उरले ते मैदानात तिष्ठलेल्यांजवळच.

हे दौरे निघतात तरी का? पूर्वी गवई नवा गीतसंच, ज्याला हल्ली अल्बम म्हणतात, बाजारात आणी; आणि त्याच्या तबकड्या खपाव्यात म्हणून दौऱ्यावर निघे. आता गाडे उलटे फिरले आहे. गाणे जवळजवळ फुकट झाल्यामुळे संच हा दौऱ्याची जाहिरात होऊन बसला आणि गल्ला तिकिटावर आला. तिकिटे महागण्याचे हे एक कारण आहे.

जुन्या पद्धतीचा, म्हणजे तबकडीसाठी निघालेला, जगड्व्याळ दौरा महाराष्ट्राने एकदाच मनसोक्त पाहिला. तो मायकेल जॅक्सनचा. त्याचा ‘हिस्टरी’ हा जोडसंच जून 1995 मध्ये निघाला. त्याच्या एका तबकडीवर पंधरा जुनी निवडक गाणी आणि दुसरीवर पंधरा नवी. त्याच नावाचा दौरा 7 सप्टेंबर 1996 रोजी प्राग येथे सुरू झाला आणि 15 ऑक्टोबर 1997 रोजी दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे संपला. ब्याऐंशी जलशांच्या त्या मालिकेत मुंबईच्या वाट्यास एक आला : 1 नोव्हेंबर 1996, अंधेरीचे क्रीडासंकुल. हे संकुल आज शहाजीराजे भोसले यांच्या नावाने ओळखले जाते. वढूस ज्यांची समाधी आहे त्यांच्या आजोबांचे हे नाव; योगायोग खरा, पण इतिहासाचा अभिमान धरणाऱ्याने क्षणभर थबकावे असा.

विमानतळावर त्याचे स्वागत सोनाली बेंद्रे या अभिनेत्रीने मराठमोळ्या वेषात केले. बाळासाहेब ठाकरे यांच्या घरी, मातोश्रीवर, तो जाऊन आला. जलशामागे राज ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील शिवउद्योग सेना होती, आणि उत्पन्नातून मराठी तरुणांच्या रोजगारास साहाय्य करावे असा हेतू जाहीर झाला होता. मराठी संस्कृतीचा कैवार घेणाऱ्यांनीच अमेरिकी नाचगाणे आणावे काय, अशी टीका त्या वेळी पुष्कळ झाली. तिच्यात फारसा अर्थ नव्हता. चांगले गाणे कोणत्या देशीचे, हे पाहून कान मिटून घेणारा समाज पेटी आणि फिडल यांस आपल्या नाटकात जागा देता ना. खरी हरकत निराळीच होती, आणि ती पैशाची होती. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

जॅक्सन हा गवई म्हणून मोठा आणि नर्तक म्हणून त्याहूनही मोठा, याविषयी वाद नसावा. मात्र त्या दौऱ्यात बरीचशी गाणी आधी मुद्रित केलेल्या आवाजावर ओठ हलवून सादर झाली, असे जाणकारांनी वारंवार नोंदविले आहे. हाच आक्षेप जस्टिन बीबर या तरुण गवयावर 10 मे 2017 च्या नेरूळच्या जलशानंतर घेतला गेला. तोही ‘पर्पज’ या नव्या संचाचाच दौरा होता. नाचताना दम लागतो, मान्य. पण दम लागलेला शाहीर काय करतो? तो झीलकऱ्याकडे पाहतो, आणि झीलकरी ओळ उचलून धरतो. श्रोत्यास तो दमही ऐकू येतो व तो त्याला गोड लागतो. यंत्राने तो दम झाकला, की गाणे निर्दोष होते. पण जे ऐकावयास माणूस दीडशे किलोमीटर आला, ते नेमके त्यातून वगळले जाते. तिकिटाच्या पैशाबद्दल श्रोत्यास काही मागण्याचा हक्क असेल, तर तो या श्वासाचा आहे.

कार्यासाठी जलसा ही कल्पनाही नवी नव्हे. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे दोन प्रतिस्पर्धी एका रंगभूमीवर उभे राहिले. तिकिटांचे दर नेहमीच्या अनेक पट होते, तरी गर्दी मावेना. लोकांनी त्या दराबद्दल कुरकुर केल्याचे सांगत नाहीत, उलट ती रात्र पाहिलेली माणसे जन्मभर तीविषयी बोलत राहिली. धैर्यधर झालेले केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात वारले, त्यामुळे तर ती आठवण अधिकच हळवी झाली.

फिरत्या जलशाचे आपले खरे घराणे मात्र नाटक नव्हे, तमाशा. याच पुणे जिल्ह्यात, नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे दरवर्षी फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, भाव ठरतो, सुपारी दिली जाते, आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रांतून फड मालमोटारीने हिंडतात. कनात, दिवे, ढोलकी, वगाचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, लहान मुले, सर्व त्या मालमोटारीत. रोज नवे गाव, रोज नवा प्रेक्षक. दौरा म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नाही. याच नारायणगावच्या विठाबाईंविषयी अशी कथा सांगतात, की दिवस भरलेले असताना त्या खेळास उभ्या राहिल्या, मध्येच पडद्याआड प्रसूत झाल्या, आणि पुन्हा खेळास येऊ पाहू लागल्या. तेव्हा खरा प्रकार कळून प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबविला. राष्ट्रपतींकडून गौरविल्या गेलेल्या या बाईंचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. 2002 मध्ये त्या वारल्या. पुढे शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

आणि 2020 मध्ये महामारीची टाळेबंदी आली ती मार्चअखेर, ऐन जत्रांच्या तोंडावर. सुपाऱ्या बुडाल्या. पुढच्या वर्षीही जत्रा भरल्या नाहीत. ढोलकीवाले मोलमजुरीस गेले, फडमालकांवर कर्जे चढली. परदेशी वृंदाचा दौरा पुढे ढकलला तर तबकड्या आणि जाहिराती त्यास पोसतात. फडास उभा प्रेक्षक हाच आधार.

म्हणून पैशाचा प्रश्न क्षुद्र नव्हे. अंधेरीच्या जलशावर 1923 च्या कायद्यान्वये करमणूक शुल्क बसावयास हवे होते. तत्कालीन राज्य सरकारने ते माफ केले. रक्कम तीन कोटी रुपयांहून अधिक. मुंबई ग्राहक पंचायत या संस्थेने उच्च न्यायालयात विचारले, की हजारो रुपयांचे तिकीट काढू शकणाऱ्यांच्या करमणुकीवर ही मेहेरबानी कोणत्या न्यायाने? प्रश्न गवयाच्या योग्यतेचा नव्हता, आणि तो तसा मांडला गेला नाही हे पंचायतीचे शहाणपण. सार्वजनिक तिजोरीत यावयाचा पैसा सोडून देताना सरकारने विचार केला काय, इतकेच तिचे विचारणे होते. पैसे न्यायालयात अडकून राहिले. 2011 मध्ये उच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली आणि सरकारने पुन्हा नीट विचार करावा असे सांगितले. तोवर जॅक्सन मरून दोन वर्षे झाली होती.

सरकारचा तो विचार आणखी दहा वर्षे चालला. जानेवारी 2021 मध्ये, नारायणगावच्या फडमालकांची दुसरी हंगामबंदी समोर दिसत असताना, राज्याच्या मंत्रिमंडळाने अंधेरीच्या जलशाचे शुल्क माफ करण्याचा निर्णय पुन्हा एकदा घेतला, आणि ती रक्कम आयोजकांस परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.