रसाचा गूळ होतो, गुळाचा रस होत नाही



आज मी तुमच्याशी कॅमेऱ्यातल्या कच्च्या फोटोविषयी चार शब्द बोलणार आहे. विषय यंत्राचा आहे खरा; पण ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना तो निम्मा आधीच ठाऊक आहे. उसाचा रस काहिलीत आटवला की गूळ होतो. गूळ ठेवायला सोपा, बाजारी न्यायला सोपा. मात्र गुळाचा पुन्हा रस करीन म्हणाल, तर तो काही होत नाही. फोटोचेही अगदी तसेच आहे.

हे सांगण्याचे कारण असे. गावोगावचे शिक्षक आणि हौशी तरुण आता वीरगळांचे, शिलालेखांचे, घरोघरच्या मोडी कागदांचे फोटो काढून वेबवर ठेवू लागले आहेत. काम मोलाचे आहे. कागदाला उद्या वाळवी लागेल, वीरगळ कुणी पायरीला लावील. मग त्या वस्तूचा फोटो हाच काय तो पुरावा उरेल. तो पुरावा आपण रसाच्या रूपाने ठेवतो की गुळाच्या, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आधी रस म्हणजे काय ते पाहू. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी एक पाटी असते. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल, तर तिच्यावर आडवे 6000 आणि उभे 4000, म्हणजे 2 कोटी 40 लाख बारीक कण असतात. गंमत अशी, की यांतल्या कोणत्याही कणाला पुरता रंग दिसत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक कणावर तांबडी, हिरवी किंवा निळी अशी एकच काच असते. निम्म्या काचा हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. कारण माणसाचा डोळा हिरव्याला अधिक जागा आहे. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची. तिचे पेटंट 1976 सालचे. या कणांनी मोजलेला प्रकाश जसाच्या तसा लिहून ठेवला, की झाला कच्चा फोटो. त्याला इंग्रजीत ‘रॉ’ म्हणतात. त्यात उजेडाच्या पायऱ्या पुष्कळ असतात: 12 बिटांच्या फोटोत 4096, आणि 14 बिटांच्या फोटोत 16384.

आता गूळ. तो म्हणजे जेपेग फोटो. त्यात प्रत्येक रंगाच्या पायऱ्या 256 च. वीरगळाच्या खोबणीतली सावली तुम्ही कच्च्या फोटोत उजळलीत, तर आतली आकृती पुष्कळदा दिसू लागते. जेपेगमध्ये तीच सावली उजळा. हाती डाग आणि पट्टे येतील. ज्या पायऱ्या टाकून दिल्या, त्या आता आणायच्या कुठून?

हे आटवणे होते तरी कसे? चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात रंग सावकाश कुठे बदलतो आणि झपाझप कुठे बदलतो, याचा हिशेब मांडतात. झपाझप बदलणारा बारीक तपशील डोळ्याला फारसा जाणवत नाही, म्हणून त्याचे आकडे ढोबळ करतात. पुष्कळ आकडे तर शून्यच होतात. या हिशेबाचे गणित बंगळूरला जन्मलेल्या नसीर अहमद यांना सुचले. अमेरिकेत त्यांनी त्यासाठी अनुदान मागितले, तेव्हा ते मिळाले नाही. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा पडला. पुढे टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती 1974 साली प्रसिद्ध केली. 1992 च्या जेपेग पद्धतीचा पाया हेच गणित होय.

आभाळाच्या, चेहऱ्याच्या फोटोत ही काटछाट खपून जाते. मोडीच्या कागदावर मात्र ती बाधते. तेथे शाईची बारीक रेघ हाच तर खरा मजकूर! दाब फार दिला, की रेघेभोवती धुरकट ठिपके उठतात, आणि एका वळणावर अवलंबून असलेले अक्षर वाचणाऱ्याला दुसरेच वाटते. अक्षर चुकले की नाव चुकते, नाव चुकले की जमिनीचा धनी बदलतो.

मग जेपेग करूच नये काय? तसे नव्हे. कच्चा फोटो पंचवीस-तीस एमबीचा, कधी त्याहूनही मोठा असतो, आणि ब्राउझर तो सहसा उघडत नाही. वेबसाठी गूळ हवाच. तो नीट कसा करावा, ते सांगतो.

डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे मोफत मिळणारे प्रोग्रॅम घ्या. कच्चा फोटो उघडून पांढरा कागद पांढरा दिसेल असा रंग जुळवा, मग उजेड-सावली ठीक करा. हे फेरफार वेगळे नोंदले जातात; मूळ फोटोला धक्का लागत नाही. नंतर कडा कापा. रुंदी 1600 बिंदूंच्या आसपास आणा. कागदावरचा मजकूर वाचायचा असेल तर अधिक ठेवा. रंगांची पद्धत एसआरजीबी निवडा, म्हणजे बहुतेक पडद्यांवर रंग सारखे दिसतील. दर्जा 80 च्या आसपास ठेवून जेपेग करा. साधा फोटो अर्ध्या एमबीच्या आसपास बसतो. शेवटी तो पूर्ण आकारात उघडून सर्वांत बारीक अक्षर वाचून पाहा. वाचता आले नाही, तर दर्जा वाढवा.

दोन-तीन पथ्ये आहेत. जेपेग उघडून, बदलून, पुन्हा जेपेग करू नका. दर खेपेला थोडे झडते. बदल हवा असेल तर मूळ कच्च्या फोटोकडे जा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो आणखी आटतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोनमध्ये सोय चालू असेल, तर फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. शाळेतल्या मुलांचे फोटो वेबवर देण्यापूर्वी ते काढून टाका.

ज्यांच्या फोनमध्ये कच्चा फोटो निघत नाही, त्यांनी हिरमुसू नये. फोनने दिलेला पहिला, पूर्ण आकाराचा फोटो हाच तुमचा रस समजा. तो दोन वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवा, एक शाळेत आणि एक दुसऱ्या जागी. त्यावर गावाचे नाव, वस्तू आणि तारीख लिहा.

वेबवरचा गूळ पुन्हा केव्हाही करता येईल. रस मात्र सांडू देऊ नका.